माझ्या दुधामुळे बाळाच्या गालांवर पुरळ येतंय का?

माझ्याकडे स्तनपान समुपदेशनासाठी येणाऱ्या आया हा प्रश्न फार वेळा विचारतात. विचारताना बहुतेकींच्या आवाजात कबुली असते, कारण घरातल्या कुणीतरी निकाल आधीच देऊन टाकलेला असतो.

अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मुलगी चार महिन्यांची, वजन छान वाढलेलं, हसरी. गाल आणि हनुवटी मात्र लालभडक आणि खरखरीत. आईने आधी आपल्या आहारातलं दूध बंद केलं होतं, मग अंडी, मग गहू. पुरळ जराही हललं नव्हतं. ती स्वतः मात्र खंगत चालली होती. "मॅडम, अजून काय सोडू?" हे तिचं पहिलं वाक्य.

मी तिला पुरळ कुठे आहे ते नीट बघायला सांगितलं. तोंडाभोवती सगळ्यात जास्त, उजव्या गालावर डाव्यापेक्षा अधिक, नाकाच्या शेंड्यावर काहीच नाही. बाळ उजव्या कुशीवर मान वळवून झोपायचं आणि लाळेने ओल्या झालेल्या चादरीवर तोच गाल घासत राहायचा. शिवाय लाळ दिसली की सुगंधी वेट वाइप्सने पुसायचं, दिवसभर. वर बेबी पावडर, दोन वेगवेगळी क्रीम्स आणि कुणीतरी सुचवलेला घरगुती लेप. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, तिच्यातलं पाणी लवकर उडतं. लाळेने ओली, घासून सोललेली आणि त्यावर सुगंधी रसायनं, अशी त्या गालाची अवस्था होती. आईच्या ताटाचा इथे संबंध दिसत नव्हता.

चेहऱ्यावरचं प्रत्येक पुरळ असंच असतं असं नाही. नाकावरचे बारीक पांढरे दाणे जन्मतःच असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. दोन-चार आठवड्यांच्या बाळाला मुरुमांसारखे लाल दाणे येतात. त्यांना फोडायचं नाही, तेलही चोळायचं नाही. भुवयांवर पिवळसर तेलकट खपल्या असतील तर ते वेगळं प्रकरण. कोरडे, खाजरे, पुन्हा पुन्हा उमटणारे चट्टे म्हणजे बहुधा एक्झिमा. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असेल तर त्याची शक्यता वाढते. निदान माझं काम नाही, म्हणून तिला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलंच. पण तोवर काय करायचं, यापेक्षा काय थांबवायचं हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटलं.

वाइप्स, पावडर, लेप आणि दोन्ही क्रीम्स बंद. पुसायचं ते साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने, आणि पुसायचं म्हणजे टिपायचं, घासायचं नाही. अंघोळ कोमट पाण्याची, पाच-दहा मिनिटांत आटोपती. चेहऱ्याला साबण नाही. अंग टिपून झाल्याबरोबर, त्वचा किंचित ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर. दूध पाजण्याआधी आणि झोपवताना हनुवटीवर व गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, म्हणजे लाळ थेट त्वचेला लागत नाही. लाळेरं ओलं झालं की लगेच बदलायचं; खरं तर हे एकच नेमाने केलं तरी बराच फरक पडतो. नखं कापलेली ठेवायची. झोपवायचं पाठीवरच, फक्त मान कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळवायची.

डॉक्टरांनी लाळेमुळे आलेलं पुरळ आणि सोबत सौम्य एक्झिमा असं निदान केलं. थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड क्रीम दिलं आणि आईचा आहार पूर्ववत करायला सांगितलं. आणि इथे नवीच अडचण उभी राहिली. घरात पडलेली कुणाची तरी उरलेली ट्यूब बाळाला लावायला ती तयार झाली होती, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं क्रीम मात्र स्टेरॉइड म्हणून लावेना! ही गंमत मी अनेक घरांत बघते. खरा धोका त्या उरलेल्या ट्यूबमध्ये असतो: त्यात तीव्र स्टेरॉइड असू शकतं आणि चेहऱ्याची त्वचा ते जास्त शोषते. सांगितलेलं सौम्य औषध, सांगितलेले दिवस, सांगितल्या जागी, यात घाबरण्यासारखं नाही. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून तिला तर्जनीचं टोकाचं पेर दाखवलं. मोठ्या माणसाच्या त्या पेराच्या लांबीइतकं ट्यूबमधून काढलेलं क्रीम साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्यांच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. बाळाच्या दोन गालांना त्याहून बरंच कमी लागतं.

आहाराची शंका कधी घ्यावी, हेही तिला सांगितलं. दूध पाजल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणं, वारंवार उलट्या, शौचात रक्त, वजन न वाढणं, असं काही असेल तर डॉक्टरांशी बोलावं; नुसते गाल लाल आहेत म्हणून आईने उपाशी राहू नये. मधाच्या रंगाच्या खपल्या, पू किंवा पाण्याच्या फोडांचे पुंजके दिसले तर त्याच दिवशी दाखवायचं. ओठ सुजले, श्वास लागला, बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, किंवा काचेचा ग्लास दाबूनही डाग फिके होत नसतील तर तातडीने निघायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर पुरळ असो-नसो, वाट बघायची नाही.

गाल निवळले, पण कायमचे नाही. दात येऊ लागले तशी लाळ वाढली आणि हनुवटी पुन्हा लाल झाली. तिचा फोटो आला, सोबत एवढंच विचारलेलं: "मॉइश्चरायझर दिवसातून किती वेळा लावलं तर चालेल?" मी लिहिलं, त्वचा कोरडी वाटेल तितक्या वेळा लावा, आणि खाली आणखी एक प्रश्न टाकला: "तुम्ही आज नीट जेवलात का?"