लग्नाआधी एका तरुण अधिकाऱ्याला

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लवकरच खांद्यावर कॅप्टनचा तिसरा स्टार लागेल आणि इकडे तुझ्या आईनं स्थळं बघायला सुरुवात केली आहे. पलटण आणि संसार दोन्ही नीट होतं का, असं तू विचारलंस. होतं. काकूनं आणि मी ते केलं, आमच्या बरोबरच्या अनेकांनी केलं. पण ते ज्यामुळे होतं, ते अकादमीत कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

देहरादूनच्या लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमधले शब्द तुला पाठ आहेत. आधी देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण, मग हाताखालच्या जवानांचं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं सुख. सरसेनापती चेटवुड यांनी १९३२ साली सांगितलेला हा क्रम मी आजही पूर्णपणे मानतो. मात्र त्यात बायको-मुलांचा उल्लेख नाही, आणि बरेच अधिकारी त्यांना न विचारताच शेवटच्या पायरीवर स्वतःशेजारी उभं करतात. स्वतःचं सुख मागे ठेवायचं तू कबूल केलंस. तिनं केलेलं नाही. तिनं काय कबूल करायचं ते तिला सगळं माहीत झाल्यावर तिनं ठरवायचं.

म्हणून मुलगी बघायला जाशील तेव्हा युनिफॉर्ममधल्या फोटोपेक्षा जास्त काहीतरी घेऊन जा. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणार, हे सांग. फील्डची बदली आली की कुटुंब बरोबर नेता येत नाही. मग ती सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये, सासरी किंवा माहेरी राहील, हेही सांग. पुण्यात नोकरी करणारी मुलगी असेल, तर त्या नोकरीचं काय होईल यावर त्याच बैठकीत बोल. छावणीतल्या शाळेत शिकवता येईल, असं परस्पर ठरवून टाकू नकोस. तिला शिकवायचंच नसेल. काही जोडपी ती नोकरी करते तिथेच घर ठेवतात आणि तो सुट्टीला येतो. तो संसार कमी प्रतीचा नसतो. लग्नानंतर कळलेली बदली आणि लग्नाआधी सांगितलेली बदली यांत फार अंतर आहे.

आता सुट्टीचं. कागदावर तुला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि २० दिवसांची किरकोळ रजा आहे. प्रत्यक्षात तुझ्या कंपनीत सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, बेळगावकडचीच पोरं. सगळ्यांना गणपती हवा, दिवाळी हवी, गावची जत्रा हवी. सुट्टीचा तक्ता करताना आधी त्यांची नावं घाल. ज्याच्या बहिणीचं लग्न आहे, ज्याच्या बांधाचं भांडण तहसीलमध्ये अडकलं आहे, त्याला पाठव, आणि त्याच्या हाती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासाठी पत्रही दे. तू मागे थांब. यात तडजोड करायला मी कधीच सांगणार नाही. पण मग तुझ्या घरी गणपती तुझ्याविना बसणार, हे जूनमध्ये कळलं तर जूनमध्येच सांग. ऑगस्टपर्यंत 'बघू, बघू' करून आईला आणि बायकोला वाट बघायला लावू नकोस. न येण्याचं दुःख माणसं पचवतात. रोज दाराकडे बघत राहणं जास्त जड जातं.

फोनवर काय बोलायचं? ठिकाण, हालचाल, किती माणसं, कुठून कुठे, यातलं एक अक्षर नाही. तिनं विचारलं तरी नाही, आणि ती विचारणार नाही इतकं आधीच समजावून ठेव. मात्र या बंधनाआड मन लपवायचं नाही. थकलो आहे, आज एका जवानाची काळजी वाटते, तुझी आठवण येते, यातलं काहीही गुप्त नाही. आमच्या वेळी '५६ एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्यावर आंतरदेशीय पत्रं यायची, उत्तराला आठवडे लागायचे, तरी काकू पानभर लिहायची आणि मीही लिहायचो. तुमच्या हातात फोन आहे, म्हणून बोलणं 'जेवलास का' इतक्यावर येऊ देऊ नकोस.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती आता सांगतो. तू फील्डवर असताना घर ती चालवणार. गॅस, भाडं, सासूचा दवाखाना, मुलाचा ताप, शाळेतलं बोलावणं, सगळे निर्णय तीच घेणार, आणि ते बरोबर घेणार. मग तू सुट्टीवर येशील. वर्षभर तुझ्या तोंडून शब्द निघाला की शंभर माणसं हलत होती. दोन दिवस आराम झाला की तुझं लक्ष कपाटाकडे जाईल, मुलाच्या वहीकडे जाईल, आणि तू सूचना द्यायला लागशील. तिथे थांब. घरात तुझा हुद्दा लागू होत नाही. नव्या पलटणीत गेल्यावर शहाणा अधिकारी पहिले काही दिवस सुभेदार साहेबांना विचारतो, बघतो, ऐकतो. इथेही तेच कर. मुलाला झोपवायचं कसं हे तिला विचार. तिनं लावलेली शिस्त तुझ्या सुट्टीत मोडू नकोस, आणि 'पप्पा आले की लाड' असंही होऊ देऊ नकोस, कारण तू गेल्यावर ते निस्तरायला तिलाच लागतं. लहान मूल सुरुवातीला तुझ्याकडे येणार नाही. त्यावर रागावू नकोस, रोज त्याच्याबरोबर जमिनीवर बस. मुलं येतात.

दहावी-बारावीच्या वर्षी बदली आली, तर मुलांच्या शिक्षणासाठी क्वार्टर राखून ठेवता येतं. अर्ज मात्र वेळेत जायला हवा.

आणि कागद. लग्न झालं की लष्कराच्या कागदपत्रांत त्याची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर लगेच निघाली पाहिजे, मूल झालं की त्याची वेगळी. आर्मी ग्रुप इन्शुरन्स म्हणजे लष्कराचा सामूहिक विमा, आणि डीएसओपी फंड म्हणजे अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, या दोन्हींवर आज तुझ्या आईचं नाव असणार. लग्नानंतर ते नामांकन नव्यानं भरायचं. पगाराच्या बँकेत तिचं नाव जोडून खातं संयुक्त कर. आई-बाबा आणि ती, तिघांना एकत्र बसवून सांग, की कुटुंब निवृत्तिवेतन नियमानं पत्नीला जातं आणि विम्याचा वाटा कुणाला किती, ते मी असा असा लिहिला आहे. आपल्या घरांत हा विषय अशुभ मानतात. काश्मीरमधल्या कुपवाड्यात १७ नोव्हेंबर २०१५ ला साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक धारातीर्थी पडले, तेव्हा सातारा जिल्ह्यात प्रत्येक घर हळहळलं. त्यांच्या पत्नी स्वातीताई चेन्नईच्या अकादमीतून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, त्याचाही सगळ्यांना अभिमान वाटला. तरी त्याच जिल्ह्यातल्या सैनिकांच्या घरी नामांकनाचा कागद काढला की आई पदर डोळ्याला लावते. लावू दे. पाणी दे, थोडं थांब, आणि मग पुढचा कागद दाखव. हे न बोलल्यामुळे सून आणि सासू-सासरे पुढे कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. दोन्ही बाजूंना तो मुलगा सारखाच प्रिय होता.

शेवटी बढतीबद्दल. सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, इथपर्यंत काळच नेतो. कर्नलसाठी निवड मंडळ बसतं आणि तिथे जागा थोड्या असतात. अत्यंत चांगले अधिकारी त्यात राहून जातात. नेमकं त्याच सुमाराला मुलं वयात येतात, आई-वडील थकतात. निकालाची वाट सगळ्या घरानं श्वास रोखून बघावी, अशी वेळ आणू नकोस. निकाल काहीही लागला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला त्याच उत्साहानं जा, आणि संध्याकाळी मुलीबरोबर बॅडमिंटन खेळ. कर्नल झालास तरी ५४ व्या वर्षी घरी यायचंच आहे. तेव्हा तुला ओळखणारी माणसं घरात हवीत, आणि ती ओळख लेफ्टनंट असल्यापासून करावी लागते.

मुलगी पसंत पडली आणि तिचाही होकार आला, की तिला एक दिवस आमच्याकडे घेऊन ये. तिच्या मनातले बरेच प्रश्न ती तुला किंवा मला विचारणार नाही, काकूला विचारेल. काकू खरं ते सांगेल, अवघड वर्षांसकट. त्या बोलण्यात आपण दोघांनी बसायचं नाही.

तुझा,
काका