चौथ्या दिवशी ताट भिरकावलं, आता?

परळच्या ताई,

चार वर्षांचा मुलगा मोबाइलशिवाय जेवत नाही. तुम्ही मोबाइल बंद केलात, तो तीन दिवस रडला, चौथ्या दिवशी त्याने ताट भिरकावलं. चाळीतले शेजारी डोकावले आणि सासूबाईंनी मोबाइल त्याच्या हातात दिला. आता हे सोडून द्यावं का, असं विचारता.

सोडू नका. रडून मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की मूल अनेकदा आधी आवाज चढवतं, मग थकतं. घोटाळा चौथ्या दिवशी झाला. रडून जे मिळालं नाही, ते ताट फेकून मिळालं. आता तो सुरुवातच ताटापासून करील. शिवाय कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय सगळ्यांत चिवट. मटक्याचा नाद सुटत नाही तो यामुळेच.

सासूबाईंशी बोला, पण जेवणाच्या वेळी नाही, आधी. नुसतं ‘देऊ नका’ म्हणू नका. चिऊ-काऊचे घास त्यांच्याकडे सोपवा. रडणं ऐकवत नसेल तर त्यांनी तेवढा वेळ खाली चक्कर मारावी. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, आठ-दहा दिवस आवाज येईल म्हणून.

जेवताना घरातले सगळे मोबाइल कपाटात, बाबांचासुद्धा. ताटात एका वेळी दोनच घास, म्हणजे फेकलं तरी फार सांडणार नाही. अर्ध्या तासाने ताट उचला, न रागावता. रागावणं हेही त्याच्या लेखी लक्ष देणंच. पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत पाणी चालेल, बिस्किटं-वेफर्स नाहीत. नाहीतर सगळं फुकट. शांतपणे पहिला घास घेतला की लगेच कौतुक करा. डोकं आपटू लागला, उलट्या झाल्या किंवा वजन उतरलं तर हे थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मानसशास्त्रज्ञ सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ साली एका लहान मुलाची नोंद प्रसिद्ध केली. झोपवून खोलीबाहेर पडलं की ते आकांत करायचं. कोणी परत आत जायचं नाही असं ठरलं. पहिल्यांदा ते ४५ मिनिटं रडलं. दहाव्या खेपेपर्यंत रडणं संपलं होतं. आठवड्याभराने नात्यातल्या एका बाई रडणं ऐकून परत खोलीत गेल्या आणि सगळं पुन्हा सुरू झालं. मग तोच उपाय दुसऱ्यांदा करावा लागला. तोही लागू पडला, म्हणून तुमचे चार दिवस वाया गेले असं समजू नका.

एक मात्र धरून चाला: हट्ट गेल्यासारखा वाटेल आणि मे महिन्यात गावी गेल्यावर पुन्हा डोकं वर काढील, कारण तिथे नियम वेगळा असेल असं त्याला वाटणार. निघण्याआधी मामाला फोन करून सांगून ठेवा.