लाकडी ह्युमिडॉर कोणता घ्यावा आणि सिगार ठेवण्याआधी तो तयार कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की वीस-पंचवीस सिगार जमलेत, त्यातले काही कडक व्हायला लागलेत आणि आता लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारचा ओलावा टिकवणारी पेटी, घ्यायचाय. आधी माझाच एक प्रश्न: टेबलावर देखणी पेटी हवी आहे, की सिगार नीट राहायला हवेत? नुसतं दुसरंच हवं असेल तर रबरी कड असलेला, कसलाही वास नसलेला नवा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणा, त्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारं पाकीट टाका आणि विषय संपवा. असा डबा बऱ्याच लाकडी पेट्यांपेक्षा ओलावा जास्त चांगला धरतो. मी स्वतः लाकडीच वापरतो, पण ती हौस आहे, गरज नव्हे.

हौस असेल तर पॉलिश, कुलूप, पितळी कोपरे यांच्याकडे बघू नका. आतून बघा. आतलं अस्तर स्पॅनिश सीडरचं हवं, आणि त्याला पॉलिश किंवा वॉर्निश लावलेलं नको. हे महोगनीच्या कुळातलं, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं लाकूड. ते ओलावा शोषून ठेवतं, हवा कोरडी झाली की हळूहळू परत सोडतं, आणि त्याचा वास सिगारला मानवतो. स्वस्त पेट्यांत भुशाच्या फळीवर या लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. तो धरून धरून किती ओलावा धरणार?

दुसरी गोष्ट झाकण. थोडं उचलून सोडून द्या. चांगलं झाकण दाणकन आदळत नाही, आतली हवा बाहेर ढकलत शेवटचं बोटभर अंतर सावकाश खाली येतं. मग एक कागदाची पट्टी कडेला धरून झाकण बंद करा आणि ओढून बघा. चारही बाजूंनी ती अडायला हवी. आणखी खात्री हवी असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, खोलीत अंधार करा; फटीतून उजेड दिसला तर ती पेटी नको. काचेच्या झाकणाच्या पेट्यांत काच बसवलेल्या कडेतूनच हवा जाते, त्यामुळे मी त्या टाळतो.

आकाराच्या बाबतीत विक्रेत्याचा आकडा निम्मा धरा. ‘५० सिगारची पेटी’ म्हणजे बारीक सिगार खच्चून भरले तर ५०. हवा खेळायला जागा लागतेच, त्यामुळे तुमच्या पंचवीससाठी पन्नासाची पेटी बरोबर होईल. किमतीच्या मागे लागू नका. विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी जॉन केनेडींना भेट दिलेला ह्युमिडॉर १९९६ च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरला गेला. त्यात सिगार काही जास्त चांगले राहत नसणार.

आता तयारी. बहुतेक लोक इथेच घाई करतात. नव्या पेटीचं लाकूड कोरडं असतं. त्यात सिगार ठेवले की ते आधी सिगारमधलाच ओलावा ओढतं. म्हणून आधी लाकडाची तहान भागवायची.

पण त्याच्याही आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, तपासा. पेटीबरोबर येणारा काट्याचा गोल मीटर बहुतेक वेळा शोभेचाच असतो; डिजिटल घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, पाण्याचं डबकं नको. हे झाकण आणि मीटर झिप-लॉक पिशवीत एकमेकांना न लागता ठेवा, पिशवी नीट बंद करा आणि दिवसभर तशीच राहू द्या. बंद जागेत ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी दाखवतो. तेवढं कागदावर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा.

मग पेटीत ८४ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवा. ६० ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारच्या जागेला, म्हणजे पन्नासाच्या पेटीला दोन. आतले ट्रे आणि कप्पे पाडणाऱ्या पट्ट्या आतच असू द्या, त्यांनाही ओलावा हवा. झाकण लावा आणि १४ दिवस विसरून जा. पाकिटं मिळाली नाहीत तर छोट्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवलं तरी चालतं. पण मग दुसऱ्याच दिवशी मीटर ८० दाखवेल, त्याला भुलू नका. ती हवेची आर्द्रता आहे, लाकूड अजून कोरडंच असतं. आठवडाभर तरी जाऊ द्या. ओल्या स्पंजने लाकूड पुसून काढायचा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. मी तो देणार नाही. एकदम पाणी लागलं की लाकूड फुगतं, रेषा वर येतात आणि झाकण वाकडं होऊ शकतं.

तयारी झाली की ८४ ची पाकिटं काढून ६९ ची ठेवा, दोनेक दिवस आकडा स्थिर राहतो का पाहा आणि मग सिगार भरा. भरल्यावर आकडा थोडा खाली जाईल. रोज झाकण उघडून बघत बसलात तर तो वर येणारच नाही. पाकिटांऐवजी स्पंजवालं उपकरण वापरणार असाल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, कारण नळाच्या पाण्यातले क्षार छिद्रं बुजवतात. आणि दोन्ही एकत्र ठेवू नका, एक ओलावा सोडतं आणि दुसरं तो शोषत बसतं.

कडक झालेले सिगार मात्र थेट यात टाकू नका. आधी ६२ च्या पाकिटाबरोबर वेगळ्या डब्यात काही आठवडे ठेवा. एकदम ओलावा मिळाला तर आतली पानं फुगून रॅपर, म्हणजे सिगारचं सगळ्यात बाहेरचं पान, तडकतं. उडून गेलेला सुवास तरीही परत येत नाही. फ्लेवर्ड सिगार तर कायमचेच वेगळे ठेवा, नाहीतर महिन्याभरात सगळ्यांना व्हॅनिलाचा वास.

पेटी उन्हात किंवा गरम होणाऱ्या उपकरणाजवळ नको. १८ ते २१ अंश सेल्सिअस उत्तम. चोविसाच्या वर तापमान राहिलं की पानात असलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटू शकतात. रॅपरवर टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर तेच. तो सिगार टाकून द्या, बाकीचे झिप-लॉक पिशवीत भरून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, याच क्रमाने. तोवर पेटी रिकामी करून कोपऱ्यांतला भुसा कोरड्या ब्रशने झाडून काढा, ट्रेखालचाही.