बसला म्हणजे जुळला असं नाही : मिनी ट्रॅक्टरच्या फिल्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वापरलेला मिनी ट्रॅक्टर घेतला आहे. सोबत पुस्तिका मिळाली नाही. ऑइल फिल्टरवरचा नंबर पुसला गेलाय. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर दाखवून "हाच बसेल" असं सांगितलं जातंय. खात्री कशी करायची?

आधीच्या मालकानेच चुकीचा फिल्टर लावलेला असू शकतो, त्यामुळे जुन्या फिल्टरवरून सुरुवात करू नका. सुरुवात ट्रॅक्टरच्या पाटीवरून करा. पाटीवरचा मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर, शिवाय इंजिनवर वेगळा ठोकलेला इंजिन नंबर, असे तिन्ही नंबर मागची-पुढची अक्षरं न गाळता उतरवून घ्या. एकाच मॉडेलमध्ये एखाद्या सीरियल नंबरनंतर इंजिन किंवा फिल्टरची बैठक बदललेली असते आणि पार्ट्स कॅटलॉगमध्ये 'या नंबरपर्यंत हा, त्यापुढे तो' असे दोन वेगळे पार्ट नंबर दिसतात. जुना पार्ट नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा आला असेल, तर तोही तिथेच कळतो. मूळ पार्ट नंबर हातात आल्यावर मग पर्यायी कंपनीचा जुळणारा नंबर शोधा.

पर्यायी फिल्टरची तुलना चार गोष्टींवर होते : आटे, गॅस्केट (फिल्टरच्या तोंडावरची रबरी कडी), उंची आणि आतल्या झडपा. सगळ्यात घातक घोटाळा आट्यांचा. छोट्या इंजिनांवर दोन माप सर्रास दिसतात. एक पाऊण इंची, इंचाला १६ आटे. दुसरं २० मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि इंचाला १६ म्हणजे दोन आट्यांत सुमारे १.५९ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. इंजिनवरच्या ज्या बोल्टवर फिल्टर फिरवून चढवतात तो २० चा असेल, तर पाऊण इंची फिल्टर त्यावर चढतच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते. उलटं मात्र चढतं. २० चा फिल्टर पाऊण इंची बोल्टवर फिरतो, गॅस्केटला टेकतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची नुसती टोकं एकमेकांना धरून असतात. थंड इंजिन सुरू होताना ऑइलचा दाब चढला की आटे सोलून फिल्टर निखळू शकतो, आणि ऑइलविना इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून बोल्टचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. १९ च्या आसपास आला तर इंची, २० च्या किंचित आत आला तर मेट्रिक. फिल्टर दोन-तीन वेढे चढवूनही हातात डुगडुगत असेल, तर तो काढून ठेवा.

गॅस्केटची पूर्ण कडी इंजिनवरच्या सपाट घासलेल्या भागावर बसली पाहिजे. कडेवर अर्धवट आली तर गळणार. उंची थोडी जास्त असली तर बिघडत नाही, फक्त जवळचा पाइप, एक्सलचा भाग किंवा पंखा आडवा येत नाही ना ते बघा. झडपा दोन. फिल्टर चोंदला किंवा ऑइल थंडीने घट्ट झालं की बायपास झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाऊ देते. ती किती दाबाला उघडते हे बाहेरून दिसत नाही, ते फिल्टर कंपनीच्या तक्त्यातच बघायचं. दुसरी झडप म्हणजे कडेच्या छोट्या भोकांमागे दिसणारा रबरी पडदा. इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू न देणं हे त्याचं काम. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल आणि हा पडदा नसेल, तर रोज सकाळी सुरू करताना ऑइलचा दिवा उशिरा विझतो आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं टकटकतं.

प्रश्न : हायड्रॉलिकचा फिल्टर इंजिनच्या फिल्टरसारखाच दिसतो, आटेही तेच. इंजिनचाच लावला तर?

लावू नका. हायड्रोस्टॅटिक गिअर (म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकं फिरवणारा) असलेल्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत हा फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. इंजिनचा पंप ऑइल फिल्टरमधून ढकलतो, त्याच्याकडे दाब भरपूर. इथला पंप मात्र ऑइल फिल्टरमधून ओढून घेतो, आणि ओढायला वातावरणाच्या दाबापलीकडे काही मिळत नाही. बारीक गाळणारा कागद आडवा आला की पंप उपाशी राहतो, ऑइलमध्ये बुडबुडे तयार होतात, किरकिरा आवाज येतो, लिफ्ट धक्के देत उचलते आणि पंप आतून खरवडला जातो. 'जास्त बारीक गाळतो म्हणजे जास्त चांगला' हा हिशेब इथे चालत नाही.

ऑइल कमी असलं तरी आवाज असाच येतो, त्यामुळे फिल्टरला दोष देण्याआधी पातळी बघा. काही ट्रॅक्टरांवर हायड्रॉलिक आणि हायड्रोस्टॅटिक असे दोन जुळे फिल्टर शेजारी-शेजारी असतात, पण नंबर वेगळे. काढण्याआधी दोन्हींवर रंगाने खूण करा. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल बहुधा ५० तासांना सांगितलेला असतो, कारण नवे गिअर एकमेकांवर घासून बसताना धातूचा कीस सोडतात. तो टाळू नका. नवा फिल्टर ऑइल पिऊन घेतो, म्हणून बदलल्यावर लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, इंजिन बंद करून पातळी पुन्हा बघा.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलला. ट्रॅक्टर सुरू होतो आणि मिनिटभरात बंद पडतो.

हवा धरली आहे. बाउलमधल्या (वाटीसारख्या भांड्यात बसणाऱ्या) फिल्टरला ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, वेगळी असते. जुनी खोबणीतच राहिली, पिळली किंवा जुनी पुन्हा वापरली तर तिथून हवा आत शिरते. डिझेल बाहेर गळेलच असं नाही. रिंग बदला, हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंपाने, किंवा विजेचा पंप असेल तर नुसती चावी लावून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या आणि मग आवळा. कॅनमधलं डिझेल नव्या फिल्टरच्या मधल्या भोकातून ओतू नका. ती गाळलेल्या डिझेलची बाजू आहे. ओतलेला कचरा थेट इंजेक्शन पंपात जातो. लाइनमधल्या प्लास्टिकच्या छोट्या फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनकडे.

प्रश्न : हवेचा फिल्टर फुंकून किती वेळा वापरावा?

एकात एक असे दोन फिल्टर असतील तर बाहेरचा फुंकता येतो, पण आतून बाहेर आणि हवेचा दाब २ बारच्या वर न नेता. जास्त दाबाने कागद फाटतो. फुंकल्यावर आत दिवा धरा. उजेडाचा एक जरी टिपका दिसला तर फेका. आतला छोटा फिल्टर फुंकायचा नाही, बदलायचाच. त्यावर धूळ दिसली तर बाहेरचा फाटलाय किंवा त्याचं रबर नीट बसत नाहीये. लांबी-रुंदी जुळूनही हे रबर सैल बसणारे पर्यायी फिल्टर असतात, तेव्हा घालताना हाताला किंचित विरोध जाणवलाच पाहिजे.

प्रश्न : ऑइल फिल्टर पान्याने आवळावा का?

पाना फक्त काढायला. गॅस्केटला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग साधारण पाऊण वेढा. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच. त्याआधी जुन्या फिल्टरकडे बघा. त्याचं गॅस्केट त्याच्यासोबत निघालेलं नसेल तर ते इंजिनलाच चिकटून राहिलं आहे. त्यावर दुसरं बसलं की ऑइल गळत नाही, फवारा उडतो.