त्या गाण्यातला कुत्रा

प्रिय मुली,

तुझ्या गॅदरिंगचा व्हिडिओ काल रात्री दोनदा पाहिला. पाठवताना खाली लिहिलं होतंस, 'ताई, दुसऱ्या कडव्यात आवाज फाटलाय, तेवढं सोडून ऐका.' मी नेमकं तेवढंच धरून बसले. पण त्याकडे नंतर येते. आधी कुत्र्याचं बोलू.

तू 'हाउंड डॉग' (शिकारी कुत्रा) हे अमेरिकी गाणं म्हटलंस. मजा आणलीस, पोरांनी शिट्ट्याही मारल्या. पण खरं सांग, हे गाणं कुणाला उद्देशून आहे असं तुला वाटतं? तू ते कुत्र्याला उद्देशून म्हटलंस. तुला बोल लावत नाही. ऐंशीच्या दशकात एका हॉटेलच्या बँडमध्ये मीही तीन वर्षं ते असंच म्हणत होते. बँडमास्तरांनी अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेस्लीची कॅसेट हातात ठेवली, मी ती घोकून पाठ केली. कंबर हलवायच्या जागासुद्धा त्याच. गाणं मुळात एका बाईचं आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

ती बाई म्हणजे विली मे थॉर्नटन, अमेरिकेतली काळी ब्लूज गायिका. देहाने आडवीतिडवी, आवाजाने त्याहून मोठी, म्हणून 'बिग मामा'. जन्म १९२६, अलाबामा. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. आई गेली आणि ही कोवळ्या वयातच एका फिरत्या खेळाबरोबर बाहेर पडली. ड्रम आणि हार्मोनिका बघून-बघून शिकली. १९५२च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला तिच्यासाठी हे गाणं लिहिलं ते जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या मुलांनी. दोघंही १९ वर्षांचे. तिला तालमीत गाताना पाहिलं आणि घरी जाऊन काही मिनिटांत गाणं उतरवलं.

आता शब्दांकडे बघ. दारात घुटमळणारा एक आयतखाऊ पुरुष आहे. तिच्या जिवावर जेवणारा, वर मोठेपणा मिरवणारा. ती त्याला सांगतेय की तुझी शेपटी हलव हवी तेवढी, आता इथे ताट मिळायचं नाही. हे हाकलण्याचं गाणं आहे. पुढे लास व्हेगासमध्ये वाजवणाऱ्या एका बँडने ते विनोदी करून घेतलं, सशाबिशाच्या ओळी घातल्या, आणि तेच रूप एल्व्हिसने १९५६ साली उचललं. बाईचा पुरुष झाला, पुरुषाचा कुत्रा झाला, आणि भांडण राहिलंच नाही.

दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ ऐक. बिग मामाची लय संथ आहे. पियानो नाही; पीट लुइसची गिटार तिच्या प्रत्येक ओळीला उलट उत्तर देते. आणि ती ओरडत नाही. ती बोलते, मग गुरगुरते, मग एखादा शब्द ठेक्याच्या किंचित मागे रेलून टाकते, दाराच्या चौकटीला टेकून उभी असल्यासारखी. तू मात्र सगळे शब्द मात्रेवर नेमके ठोकलेस. त्याने गाणं जोरकस वाटतं, पण घाईत असलेल्या बाईला कोण घाबरतं?

हिशेबही सांगते. तिची रेकॉर्ड १९५३ साली ऱ्हिदम अँड ब्लूज या काळ्या संगीताच्या खपाच्या यादीत सात आठवडे पहिली होती. तिच्या सांगण्याप्रमाणे त्या गाण्याचे तिला एकदाच ५०० डॉलर मिळाले. एल्व्हिसची रेकॉर्ड अकरा आठवडे पहिली राहिली. बिग मामा १९८४ साली गेली. रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या दालनाने, तिचं नाव घेतलं ते २०२४ साली.

यावरून 'एल्व्हिस चोर' असं म्हणून मोकळी होऊ नकोस. तो फार आळशी निष्कर्ष आहे. गाणं त्या दोन मुलांचं होतं, एल्व्हिसच्या रेकॉर्डचे पैसे त्यांना मिळाले. गोची अशी की गाण्याचे कागद होतात, गायकीचे होत नाहीत. गुरगुरणं, रेलणं, शब्द मध्येच गिळून पुन्हा वर काढणं, हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं? या काळ्या बायकांनी लोकप्रिय संगीताला जे दिलं त्यातलं बरंचसं असं बिनकागदाचं आहे. म्हणूनच ते सगळीकडे पोचलं आणि म्हणूनच त्यावरची नावं गळून पडली.

काळी गायिका अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' (मान) घे. गाणं मुळात गायक ओटिस रेडिंगने लिहिलेलं. त्यात घरी आलेला पुरुष मान मागतो. १९६७ साली अरीथाने तेच उलटं फिरवलं, त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणायची जागा घातली आणि मागे कोरसला बहिणींना उभं केलं. आज ते गाणं तिचंच आहे. पण अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. आजही. म्हणजे तिच्या आवाजात ते जितक्यांदा वाजलं तितक्यांदा हक्क रेडिंगच्या खात्यावर. आपल्याकडे लतादीदी साठच्या दशकात रॉयल्टीसाठी अडून बसल्या, रफीसाहेबांशी अबोला धरला, तेव्हा लोक त्यांना पैशाच्या लोभी म्हणाले होते. गायकांच्या रॉयल्टीची कायद्यात तरतूद व्हायला २०१२ उजाडलं. तू उद्या कुणाच्या स्टुडिओत गायला गेलीस तर माइकसमोर उभं राहण्याआधी कागद वाच. संकोच करू नकोस.

आता गिटार. तू म्हणालीस की मुली इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभ्या राहिल्या की लोक आधी गिटारकडे बघतात, मग मुलीकडे, मग परत गिटारकडे. खरंय. म्हणून तुला सिस्टर रोझेटा थार्प या काळ्या गायिका-गिटारवादिकेकडे पाठवते आहे. जन्म १९१५, आर्कान्सामधलं कॉटन प्लांट गाव. आई चर्चमध्ये मँडोलिन वाजवायची, आणि पोर इवलीशी असल्यापासून गिटार घेऊन तिच्याबरोबर. १९३८ साली न्यूयॉर्कला तिने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि देवाची गाणी नाइटक्लबात गायली. चर्चवाले रागावले, क्लबवाले खूश झाले. तिने दोन्ही घरं सोडली नाहीत. १९४७ साली जॉर्जियातल्या मेकनमध्ये कार्यक्रमाआधी एक १४ वर्षांचा मुलगा तिचीच गाणी गाताना तिला ऐकू आला. तिने त्याला स्टेजवर घेतलं, वर पैसेही दिले. तो पुढे रॉक अँड रोलचा गाजलेला गायक लिटल रिचर्ड झाला.

तिची १९६४ची एक चित्रफीत शोध. मँचेस्टरमधलं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. टेलिव्हिजनवाल्यांनी त्याला अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या स्टेशनाचं सोंग दिलंय. खोकी काय, बकऱ्या काय! पलीकडच्या फलाटावर ब्रिटिश तरुण बसलेत, मध्ये रूळ. पाऊस पडून गेलाय. ही घोडागाडीतून उतरते, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालते आणि नोहाच्या प्रलयाचं, पावसाचं गाणं लावते. फलाट ओला, गिटार विजेची. माझा जीव दर वेळी खालीवर होतो. वय ४९. एकदा आवाज बंद करून फक्त तिचा उजवा हात बघ. मग आवाज लावून बघ, की ती गाताना गिटार जवळजवळ सोडून देते आणि ओळ संपली रे संपली की गिटारला बोलू देते. दोघी एकमेकींच्या बोलण्यात तोंड घालत नाहीत. तू सध्या सगळं एकाच वेळी वाजवतेस आणि गातेस, त्यामुळे दोन्ही गर्दीत हरवतं.

आणि हो, तुझा फाटलेला आवाज. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये मेरी क्लेटन नावाच्या गायिकेला मध्यरात्री फोन आला. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडला एका गाण्यात बाईचा आवाज हवा होता. ती गरोदर होती, केसांना कर्लर लावून झोपायच्या तयारीत. तशीच उठून गेली. 'गिम्मी शेल्टर'मध्ये ती वरच्या पट्टीत एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणते आणि तिचा आवाज चक्क तडकतो. स्टुडिओत कुणीतरी आनंदाने ओरडलेलंही ऐकू येतं. तो तडा त्यांनी तसाच ठेवला. गाण्यातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं तेच. तिच्या वाट्याला काय आलं? पहिल्या छपाईत नावाचं स्पेलिंग चुकलं. त्यानंतर लवकरच तिचं बाळ गेलं, आणि ते गाणं ऐकणं तिला कित्येक वर्षं जड जायचं. हे तुला रोमँटिक वाटू नये म्हणून सांगतेय. आवाज फाटू द्यावा, पण रोज नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून तर नाहीच. तुझा दुसऱ्या कडव्यात फाटला कारण तू श्वास उशिरा घेतलास. तो तडा नव्हता, दमछाक होती. फरक तुला ऐकू येईल.

हळदीला डीजे 'एव्हरीबडी डान्स नाउ' लावतो ना, त्यातला तो पहाडी आवाज मार्था वॉशचा. व्हिडिओत दुसरीच सडपातळ मुलगी ओठ हलवते. मार्था वॉश कोर्टात गेली, तेव्हा कुठे तिचं नाव आलं. असो, हे तुझ्या भावाला सांग, त्याला आवडेल.

आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात. तिकडे तशी रीत नाही, पण गोरी रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने केलं ते मला तसंच वाटतं. ती बिग मामाने लिहिलेलं 'बॉल अँड चेन' गायची. जुन्या काळातली काळी ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिची कबर फिलाडेल्फियाजवळ १९३७ पासून बिनदगडाची होती. १९७० साली जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरी कामाला असलेल्या एका बाईने मिळून तिथे दगड बसवला.

तू स्टेजवर एवढंच कर. गाणं सुरू करायच्या आधी बिग मामा थॉर्नटनचं नाव घे. भाषण नको, फक्त नाव.

गुरुवारी सहाला ये. पट्टी दोन सुरांनी खाली आणू, तुझा खर्ज चांगला आहे आणि तू तो लपवतेस. एल्व्हिसच्या ओळी वहीतून खोडून ये. आणि ड्रमरला आत्ताच सांगून ठेव: बिग मामाच्या रेकॉर्डच्या शेवटी सगळा बँड कुत्र्यांसारखा भुंकतो. त्यालाही भुंकायचं आहे. लाजू नकोस म्हणावं.

तुझी,
ताई