दूध तापेपर्यंत एक गणित

वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

लालबागच्या एका रात्रशाळेत १९८४ ते २०१३ मी गणित शिकवलं, म्हणून वाचक मला अजूनही ‘बाई’च म्हणतात. जानेवारी उलटला की मोडलेल्या संकल्पांची पत्रं येऊ लागतात. त्यातली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी ३८ वर्षांची आहे. नववीनंतर लग्न झालं आणि शाळा सुटली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता बाहेरून दहावी करायची फार इच्छा आहे. दरवेळी ठरवते, पहाटे चारला उठायचं आणि दोन तास अभ्यास करायचा. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी डोळाच उघडत नाही. मिस्टर यंत्रमागावर आहेत, त्यांची पाळी बदलत असते. दोन मुलं, सासूबाई. माझ्यात जिद्दच नाही असं वाटायला लागलंय. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : ताई, जिद्द नसती तर २३ वर्षांनी तुम्ही दहावीचं नावही काढलं नसतं. चुकलीय ती वेळ. पहाटे चारला उठायचं तर रात्री साडेनऊला अंथरुणावर पडायला हवं. तुमच्या घरात साडेनऊला ताटं वाढलेली असतील. म्हणजे तुम्ही अभ्यासासाठी झोप उसनी घेता आणि पाचव्या दिवशी शरीर ती वसूल करतं. यात जिद्दीचा काय संबंध?

एक मुलगा आठवतो. परळच्या एका हॉटेलात चहा-दुधावर कामाला होता, वय सतरा-अठरा. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच काम, साडेसहाला शाळा. साडेनऊला शाळा सुटली की हॉटेलच्याच माळ्यावर झोपायचं. घरी अभ्यास कर म्हणावं तर त्याला मुंबईत घरच नव्हतं. पहिल्या चाचणीत गणितात पन्नासपैकी सहा मार्क मिळाले. मी विचारलं, “दिवसभरात रिकामा कधी असतोस?” म्हणाला, “कधीच नाही बाई. फक्त दूध तापत असताना.” दहा लिटरचं पातेलं. ते सोडून कुठे जाता येत नाही, उतू गेलं की मालक ओरडतो. तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि अशी पातेली दिवसातून चार.

मी म्हटलं, एका पातेल्याला एक गणित. एकच. सुटलं तरी दुसरं घ्यायचं नाही.

मी दिलेलं गणित तो जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवायचा आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवायचा. एका हातात पळी, दुसऱ्या हातात पेन्सिलीचा तुकडा. संध्याकाळी ते कागद माझ्या टेबलावर यायचे. वाफेने वाकडे झालेले असायचे, आणि एखाद्याच्या कोपऱ्याला साय वाळून चिकटलेली असायची. एकदा चारातला एक कागद कोरा निघाला. म्हणाला, “बाई, हे सुटलं नाही. पण दूध वर येईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होतो.” मी तोही कागद जमेला धरला. पुढच्या मार्चात तो दहावी पास झाला. गणितात त्याला फर्स्ट क्लासचे मार्क होते.

तुमच्या घरातही असं एक पातेलं असणारच. मला वाटतं तो कुकर असेल. तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापासून लांब जाता येत नाही, आणि नवऱ्याची पाळी कुठलीही असली तरी कुकर लागतोच. ओट्याच्या कडेला, पाणी उडणार नाही अशा जागी, एक वही दोरीने टांगून ठेवा. पेनही दोरीला बांधा, नाहीतर ते मुलांच्या दप्तरात जाईल. कुकर लावला की एक गणित. पहिले दोन महिने एवढंच करा. पहाटेचा गजर बंदच ठेवा.

गणितं नववीची घेऊ नका, सातवीची घ्या. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मी आधी अपूर्णांकच शिकवत असे. पुष्कळांना लाज वाटायची, “आम्ही काय पोरं आहोत?” म्हणायचे. पण बीजगणितात अडकणारी दहापैकी सात-आठ माणसं खरं तर अपूर्णांकात अडकलेली असतात, हे मी २९ वर्षं बघत आले. बालभारतीची पुस्तकं त्यांच्याच संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मुलांची जुनी पुस्तकं माळ्यावर असतील तर आणखीच बरं.

२१ दिवसांत सवय लागते असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असेलच. ते धरून बसू नका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना निदान २१ दिवस तरी लागतात. त्यातलं ‘निदान’ गळून पडलं आणि २१ तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगून बारा आठवडे नोंदी ठेवल्या. २००९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब होता. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तुम्ही पाचव्या दिवशी थांबत होतात, ताई. सहाव्या दिवशी कुकर लागलाच होता ना?

फॉर्मची तयारी मात्र आत्ताच करा. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा मूळ दाखला काढून आणा, पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि परीक्षेच्या कितीतरी महिने आधी मुदत संपते, म्हणून पावसाळा सुरू झाला की दहावीच्या परीक्षा मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

प्रश्न : बाई, मी २५ वर्षांचा आहे. गाव बीड जिल्ह्यात. पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय, हे तिसरं वर्ष. दर रविवारी बारा तासांचं टाइमटेबल बनवतो, सोमवारी दुपारीच ते कोलमडतं. मग पास झालेल्यांची भाषणं मोबाइलवर बघतो. तेवढ्यापुरतं अंगात बळ येतं. वडील महिन्याला पैसे पाठवतात, फोनवर त्यांच्याशी बोलायला भीती वाटते. मानसिकता कशी बदलू? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : बाळा, दोन महिने टाइमटेबल करूच नकोस. सुबक चौकटी आखून, रंगीत पेनने विषय भरले की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. भाषणांचंही तेच. दुसऱ्याच्या यशाची गोष्ट ऐकताना आपलाच ऊर भरून येतो, आणि ती संपते तेव्हा आपली वही कोरीच असते.

त्याऐवजी साधी नोंद ठेव. अभ्यासिकेत किती वाजता बसलास, चहाला कधी उठलास, परत कधी आलास, तेवढ्यात कोणती पानं वाचून झाली. झालं तेवढंच लिही, व्हायला हवं होतं ते लिहू नकोस. आठ दिवसांनी बेरीज कर. बारा तास बसणाऱ्याची बेरीज पाच तास आली तर दचकू नकोस, माझ्या विद्यार्थ्यांची तशीच यायची. पाच ही तुझी खरी संख्या असेल तर पुढच्या आठवड्यात साडेपाच कर. बारा हा आकडा डोक्यातून काढून टाक, तो तुझा नाहीच.

दुसरं, लिही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, त्यातल्या सात पेपरांचे १७५० गुण गुणवत्तेला धरतात. पर्यायांवर गोळे रंगवून हात आखडलेली मुलं तीन तास सलग लिहू शकत नाहीत. उठल्यावर मोबाइल सुरू करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हाताने लिहायचं. दीडशे शब्द, समोर घड्याळ. खोलीत सगळे झोपलेले असतील तर जिन्यात बसून लिही. वाईट झालं तरी फाडायचं नाही, वर तारीख टाकून फाइलला लावायचं. महिन्याने पहिलं आणि तिसावं उत्तर शेजारी ठेवून वाच.

आता वडिलांचं. मला तुझ्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात जास्त लागली. तू अभ्यासाला भीत नाहीस, त्या फोनला भितोस. ज्या खोलीत ही भीती आहे तिथे कुठलीही सवय टिकत नाही, कारण पुस्तक उघडलं की आधी वडिलांचा चेहरा दिसतो. एकदा गावी जा. फोनवर नको, समोर बस. नोंदवही दाखव, आजवर किती खर्च झाला ते लिहून ने, आणि दोघांनी मिळून एक तारीख ठरवा. कुठल्या निकालापर्यंत थांबायचं, आणि नाही झालं तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, कोणता अर्ज भरायचा, कोणतं काम धरायचं, हे त्याच बैठकीत कागदावर उतरवा. तुझी मित्रमंडळी म्हणतील, दुसरा रस्ता ठेवला की माणूस ढिला पडतो. मी तसं झालेलं पाहिलेलं नाही. गिरण्यांचा संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, दोन वर्षांनी मी शाळेत रुजू झाले. संपात नोकऱ्या गेलेल्या बापांची मुलं माझ्या वर्गात बसायची. ज्यांच्या घरात पुढच्या महिन्याचं काहीतरी ठरलेलं असे, ती मुलं फळ्याकडे बघायची. ज्यांच्या घरात काहीच ठरलेलं नसे, ती दाराकडे.

प्रश्न : डॉक्टरांनी साखर वाढल्यामुळे रोज चालायला सांगितलं आहे. हिवाळ्यात नेमाने चालतो. पावसाळ्यात खंड पडतो आणि मग दिवाळीपर्यंत सुरू होत नाही. वय ६२. (एक निवृत्त वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पावसाळ्यासाठी चालण्याची जागा आत्ताच ठरवून ठेवा. गच्चीवरची शेड, देवळाचा मंडप, घरातली ओसरी, काहीही चालेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. दिवसाला वीस-बावीस मिनिटं झाली, ती ओसरीवरही होतात. मुसळधार पावसात दहाच मिनिटं चाला, पण बूट घाला. बूट कपाटात गेले की दिवाळीलाच बाहेर येतात. पायाला जखम किंवा मुंग्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : बाई, तुमचं सदर नेहमी वाचते. पण राग येतो. शिस्त, नेम, सवयी हे सगळं ज्यांना स्वतःचा वेळ आहे त्यांच्यासाठी. मी सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला येते. नंतर स्वयंपाक, भांडी, आजारी सासरे. मला शिवणाचा कोर्स करून स्वतःचं काम सुरू करायचंय. बुधवारी आणि शनिवारी रात्री साडेआठला क्लास असतो. सांगा, कुठून आणू वेळ? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : तुमचा राग बरोबर आहे, आणि तो मला कळतो, कारण मी एकदा फार मोठी चूक केली आहे.

शाळेत लागून चारेक वर्षं झाली होती. एक मुलगा रोज पाऊण तास उशिरा यायचा. एके दिवशी भर वर्गात मी त्याला म्हटलं, “इच्छा असती तर वेळेवर आला असतास.” तो मान खाली घालून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने त्याच्या बाकावरच्या मुलाने सांगितलं की त्याच्या कारखान्यात सुटीची वेळ साडेसहा केली होती. तो कारखान्यातून शाळेपर्यंत पळत यायचा. मी त्यांच्या खोलीवर गेले, तर तो गावी निघून गेला होता. त्या दिवसापासून उशिरा येणाऱ्याला मी कधी कारण विचारलं नाही. पहिला पाऊण तास मी उजळणीला ठेवला, म्हणजे उशिरा येणाऱ्याचा नवा धडा बुडत नसे. त्या मुलाला मात्र याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून तुम्हाला मी कुकरशेजारी वही टांगायला सांगणार नाही. तुमच्या दिवसात तसं दुधाचं पातेलं नाहीच. तुमचं काम कुणीतरी उचलायला हवं. पत्रात नोकरी, स्वयंपाक, भांडी, सासरे, सगळं आहे, पण घरातल्या बाकीच्या माणसांचा उल्लेख नाही. नवरा किती वाजता येतो? मुलं असतील तर केवढी आहेत? ‘मला मदत करा’ असं मोघम म्हणू नका, त्यावर सगळे हो म्हणतात आणि होत काहीच नाही. एका वाराचं एक काम एका माणसाच्या नावावर करा. बुधवारची भांडी अमक्याची, शनिवारी सासऱ्यांचं औषध आणि जेवण तमक्याचं. कॅलेंडरवर नाव लिहा, शाईच्या पेनने. पहिल्या बुधवारी भांडी नीट घासली जाणार नाहीत. ती परत घासू नका. क्लासला जा.

आणि आधी मला एवढं कळवा, बुधवारच्या रकान्यात कुणाचं नाव लिहिलंत?