नुसती पावडर भरली म्हणजे कार्ट्रिज नवं होत नाही

आमच्या पतसंस्थेत लेझर प्रिंटरला एचपीचं 12ए कार्ट्रिज चालतं. दुकानदार येऊन जागेवरच रिफिल करून देतो. रिसायकल कार्ट्रिज म्हणतात ते हेच का?
(व्यवस्थापक, सांगली)

नाही. साध्या रिफिलमध्ये पावडर भरतात आणि बूच लावतात, बस्स. रिसायकल म्हणतात ते रिमॅन्युफॅक्चर केलेलं कार्ट्रिज. ते करताना कार्ट्रिज पूर्ण उघडतात, वेस्ट टोनरचा (वाया गेलेल्या पावडरीचा) कप्पा रिकामा करतात, ड्रम (ज्यावर पानाची प्रतिमा उमटते ती नळी) आणि तो पुसणारं वायपर ब्लेड बदलतात, ड्रमवर पावडर नेणारा मॅग्नेटिक रोलर व ड्रमला विद्युतभार देणारा चार्ज रोलर तपासतात. मग त्या मॉडेलला चालणारी पावडर भरून टेस्ट प्रिंट काढतात. घेताना एवढंच विचारा: ड्रम बदललाय का? दुकानदार उत्तर द्यायला चाचरला, तर सरळ दुसरं दुकान गाठा.

तीनदा रिफिल झालं. आता पानावर ठरावीक अंतराने काळा ठिपका येतो. पावडर खराब असेल का?
(शाळेतील लिपिक, नाशिक)

आधी पट्टीने दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. 12एच्या ड्रमचा व्यास साधारण 24 मिमी असतो, म्हणजे एक फेरा सुमारे साडेसात सेंटिमीटरचा. ठिपका तेवढ्याच अंतराने येत असेल तर दोष ड्रमवर आहे आणि पावडर कितीही बदलली तरी तो जाणार नाही. उभी रेघ येत असेल तर बहुधा वायपर ब्लेड झिजलंय किंवा ड्रमला चर पडलाय. सगळं पान करडं दिसत असेल तर पावडर जुळत नसेल किंवा चार्ज रोलर मळला असेल. आणि अक्षर बोटाने चोळल्यावर निघत असेल तर पावडर नीट वितळत नाही. टोनर म्हणजे ही पावडर, मुख्यतः बारीक प्लॅस्टिक. ते फ्यूजरच्या (प्रिंटरमधल्या तापणाऱ्या भागाच्या) उष्णतेने वितळून कागदाला धरतं, म्हणून "कुठलीही काळी पावडर चालते" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

पर्यावरणाचा खरंच फायदा होतो, की नुसती जाहिरात?
(वकील, नागपूर)

होतो. सांगाडा टणक प्लॅस्टिकचा, ड्रमची नळी ॲल्युमिनियमची, शिवाय आत स्टीलचे दांडे. 12एची कंपनीने दिलेली क्षमता साधारण 2000 पानांची, तीही पानाचा 5 टक्के भाग छापला तर. तेवढ्यासाठी एवढा ऐवज फेकणं मला पटत नाही. प्लॅस्टिक वितळवून दाणे करण्यापेक्षा आहे तोच सांगाडा पुन्हा वापरणं केव्हाही सरस. पण छपाईतून पर्यावरणावर पडणाऱ्या भारात कागदाचा वाटा मोठा असतो. पुसट आली म्हणून पानं पुन्हा काढावी लागली, तर कमावलेलं तिथेच जातं. त्यामुळे हलक्या दर्जाचं कार्ट्रिज मी "पर्यावरणपूरक" मानतच नाही. पाठपोट छपाई मात्र आजच सुरू करा.

रिमॅन्युफॅक्चर केलेलं कार्ट्रिज वापरलं तर प्रिंटरची वॉरंटी जाते का?
(झेरॉक्स दुकानदार, कोल्हापूर)

वॉरंटी कार्डावरच्या अटी वाचा. नुसत्या वापराने ती सहसा जात नाही, पण त्या कार्ट्रिजमुळे बिघाड झाला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या माथी. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं की, एकदा विकलेल्या कार्ट्रिजच्या पुनर्वापराला कंपनी पेटंटच्या जोरावर अडवू शकत नाही.

संपलेलं कार्ट्रिज भंगारात दिलं तर?
(गृहिणी, ठाणे)

देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही आहे. ते कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. भंगारात ते फोडलं की काही मायक्रॉनची पावडर उडते आणि फोडणाऱ्याच्या श्वासात जाते. मूळ खोकं फाडूनच टाका, कारण भरलेलं कार्ट्रिज त्यात घालून "नवं" म्हणून विकणारे आहेत. घरात पावडर सांडलीच तर गार पाण्यात भिजवलेल्या कापडाने टिपा. गरम पाण्याने ती चिकटून बसते, आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून ती परत खोलीभर पसरते.